पोरांचे प्रकल्प एआयनं लिहिलेत का ते कसं ओळखायचं? रडतीय मात्र भलतीच पोरगी

कृष्णाकाठची_मास्तरीण:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. मी सांगलीत एका कॉलेजात मराठी शिकवते, एफवायला. दोन तुकड्या, १२० पोरं. या वेळी प्रकल्प दिला २० मार्कांचा, विषय आपल्याच भागातला घ्यायचा, हजार दीड हजार शब्द, घरच्यांशी बोला, जाऊन बघा आणि लिहा असं चार वेळा सांगितलं. आणि आलं काय तर निम्म्या प्रकल्पांची पहिली ओळ "सांगली जिल्हा हा सांस्कृतिक व आर्थिक दृष्ट्या महत्त्वपूर्ण जिल्हा आहे" आणि शेवट "अशा प्रकारे आपण म्हणू शकतो की". वाचता वाचता झोप लागायला लागली हो.

आता एक नमुना सांगते. एका पोरानं विषय घेतला हरिपूरची पेवं. म्हटलं वा, चांगलाय. पान उघडलं तर लिहिलंय की पेव हे सांगली परिसरातील पारंपरिक पेय असून ते हळदीपासून तयार केले जाते व आरोग्यास अत्यंत लाभदायक असते. पेय! हळद साठवायचं पेव, जमिनीत खणलेलं, त्याचं यानं सरबत करून ठेवलं. पोरगा सांगलीवाडीचा, काका हळदीच्या वखारीत हमाल आहेत. म्हणजे लिहिणं तर सोडाच, त्यानं ते एकदा वाचलंही नाही.

खरी अडचण पुढंय. आमच्या विभागातल्या एका सरांनी एआय ओळखणारी कुठली तरी फुकटची साइट शोधली आणि मी येडी, सगळे प्रकल्प त्यात टाकत बसले. सरबतवाल्याचा निकाल आला मानवी लेखन. आणि जत तालुक्यातली एक मुलगी आहे, घरात कन्नड बोलतात, तिनं दुष्काळातल्या चारा छावणीवर लिहिलंय, तिचा आला ८४ टक्के एआय. मी तिला बोलावलं आणि विचारलं, विचारलं कसलं, आरोपच केला म्हणा ना. ती उभ्या उभ्या रडायला लागली, म्हणाली मॅडम मी गाईड बघून मराठी लिहायला शिकले, मला असंच लिहिता येतं. त्या रात्री मला झोप नाही.

विभागप्रमुख म्हणतात १० टक्क्यांच्या वर ज्याचा आकडा त्याला शून्य, नियम म्हणजे नियम. मला ते पटत नाही पण माझ्याकडं दुसरं काय उत्तरही नाही. तुम्ही काय करता तुमच्याकडं? सरसकट बंदी? का चालू द्यायचं?

---

बेदाणा_तासगाव:

हातानं लिहून घ्या वहीत. विषय संपला.

---

बीए_दुसरं_वर्ष:

वरच्या काकांना, हातानं पण मोबाईल समोर टेकवूनच लिहितो आम्ही 🙂 फक्त बोटं दुखतात, डोकं तेवढंच चालतं जेवढं टाइप करताना चालतं.

---

वाईचा_आयटीवाला:

मॅडम पहिलं काम म्हणजे ती साइट बंद करा आणि त्या मुलीला सांगा की आकड्याला काय अर्थ नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, मूळचा वाईचा, आणि हा विषय जरा माहितीतला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांनी चॅटजीपीटी काढलं नोव्हेंबर २०२२ ला त्या ओपनएआयनंच जानेवारी २०२३ मध्ये ओळखायचं साधनही काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत एआयनं लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के पकडला गेला आणि माणसांनी लिहिलेल्यातला ९ टक्के उगाच एआय ठरला. जुलै २०२३ मध्ये गुपचूप बंद केलं, अचूकता कमी म्हणून. ज्यानं भूत सोडलं त्यालाच ते ओळखता येईना मग फुकटच्या साइटला काय कळणार.

आता तुमच्या जतच्या मुलीचं. हे नेमकं असंच आधी दिसलेलं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी २०२३ मध्ये एआय ओळखणारे सात डिटेक्टर तपासले, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांचे टोफेल परीक्षेचे ९१ निबंध घेतले, सगळे माणसांनी लिहिलेले, तर सरासरी ६१ टक्के वेळा एआय असा निकाल आला. अमेरिकेतल्या आठवीच्या पोरांचे निबंध मात्र जवळपास सगळे बरोबर ओळखले. कारण असं की ही साधनं बघतात पुढचा शब्द किती अंदाजात बसणारा आहे. परक्या भाषेत लिहिणारा माणूस जपून लिहितो, ओळखीचे शब्द, सरळ वाक्यं, चूक होऊ नये म्हणून. तेच मशीनसारखं दिसतं. आणि गंमत म्हणजे त्याच निबंधांतले शब्द चॅटजीपीटीकडून जरा भारी करून घेतले तर डिटेक्टर म्हणायला लागला हे माणसाचं आहे. म्हणजे प्रामाणिक पोरगी अडकणार आणि हुशार चोर सुटणार. तो अभ्यास इंग्रजीचा आहे हे खरं, पण घरी कन्नड आणि परीक्षेला गाईडमधलं मराठी म्हणजे तीच गत झाली की.

बरं मराठीचं तर आणखी अवघड. टर्निटिन म्हणून नक्कल पकडणारं सॉफ्टवेअर आहे, त्यांनी एप्रिल २०२३ ला एआय ओळखायची सोय आणली ती इंग्रजीसाठी, नंतर स्पॅनिश आणि जपानी जोडलं. त्यावरही अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं ऑगस्ट २०२३ मध्ये ती सोय बंदच करून टाकली, चुकून निरपराध पोरं पकडली जातील म्हणून. तुमची ती साइट मराठी वाचून कशाच्या जोरावर ८४ म्हणाली ते तिचं तिलाच ठाऊक.

आणि ते १० टक्के. तुमचे प्रमुख दोन वेगळे आकडे एकात एक घालताहेत. १० टक्क्यांची गोष्ट यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतली आहे, ती मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी किती जुळतो त्याची, प्रबंध वगैरेंसाठी, १० पर्यंत माफ आणि मग ४०, ६० असे टप्पे. जुळणी दाखवता येते, हे बघ हे वाक्य इथून घेतलंस म्हणून बोट ठेवता येतं. एआयच्या टक्क्याला बोट ठेवायला जागाच नसते, तो निव्वळ अंदाज असतो. त्यावर शून्य दिलं आणि कुणाच्या वडिलांनी उद्या विचारलं पुरावा काय, तर काय दाखवणार?

अजून एक, वाईट वाटून घेऊ नका. पोरांचे प्रकल्प नाव आणि पीआरएन नंबरासकट अनोळखी साइटवर चढवले असतील तर ते पण बरोबर नाही. पोरांची परवानगी कुणी घेतली? आपण त्यांना नीती शिकवायची आणि आपणच त्यांचा माल वाटत सुटायचं.

---

कृष्णाकाठची_मास्तरीण:

नावासकटच चढवले होते 🙏 कानाला खडा.

---

आलं_लसूण_सातारा:

ताई मी साताऱ्याकडं शिकवते, २३ वर्षं झाली. आधी जरा चढून बोलते, प्रकल्प दुसऱ्याकडून करून घ्यायची पद्धत एआयनं आणलेली नाही. कॉलेजच्या दारातल्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळायचे की, नाव आणि रोल नंबर बदलला की झालं, एकदा तर एका पोराच्या ऋणनिर्देशात दुसऱ्याच कॉलेजच्या प्राचार्यांचे आभार होते. आपण तेव्हाही शेवटचं बाइंडिंग केलेलं बाडच बघायचो आणि त्यालाच मार्क द्यायचो. आता दुकान खिशात आलंय एवढंच. आपली बघायची जागाच चुकलीय, पोरं लिहीत असताना आपण तिथं नसतो.

इंग्रजी शिकवणाऱ्यांत ही गोष्ट जुनी आहे, डोनाल्ड मरी म्हणून एक पत्रकार होते, मग मास्तर झाले, त्यांनी १९७२ मध्येच म्हटलं होतं की लेखन शिकवायचं तर ते प्रक्रिया म्हणून शिकवा, तयार माल म्हणून नको. मी बीएडला हे वाचलं आणि पाठ करून पेपरात लिहिलं आणि विसरले. चॅटजीपीटी आल्यावर झक मारत आठवलं.

मी काय करते ते सांगते. २० मार्क फोडले. ६ टाचणाला, ४ कच्च्या खर्ड्याला, ६ पक्क्या लेखाला आणि ४ तोंडीला. टाचण वर्गात माझ्यासमोर, मोबाईल दप्तरात. त्यात सुंदर वाक्यं नको असतात मला, कोण भेटलं, काय म्हणालं, काय दिसलं, कुठला शब्द कळला नाही, एवढंच. चिखलाचे हात असल्यासारखं असलं तरी चालतं. खर्डा पण वर्गात, दोन तासांत, आणि त्यावर मी लाल पेन चालवत नाही, फक्त प्रश्न लिहिते, एका खर्ड्याला दोनच.

तुमच्या सरबतावरून आठवलं म्हणून सांगते. कोरेगावकडचा एक पोरगा, घरी आल्याची शेती. पहिली ओळ "आले हे एक महत्त्वाचे नगदी पीक आहे". मी खाली लिहिलं, गेल्या साली आल्याच्या दरावरून तुमच्या घरात कोण कुणाशी भांडलं? पोरगा हसला आणि मग दीड पान लिहिलं, बापानं धरून ठेवलेलं, चुलत्यानं आधीच काढून विकलेलं, मग दर खाली आला आणि दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोलेना. त्यात त्यानं लिहिलं होतं "गाडीला एवढा दर मिळाला". आमच्याकडं आलं गाडीवर विकतात, एक गाडी म्हणजे ५०० किलो, हे इकडच्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पुढं मी सांगितलं आता हे एआयला दे आणि नीट करून माग. तर एआयनं काय केलं, गाडीचं वाहन केलं! "प्रति वाहन समाधानकारक दर प्राप्त झाला." आणि भांडण गायब, तिथं आलं "कुटुंबात मतभेद निर्माण झाले". मी दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहून काढलं आणि वर्गाला विचारलं, कुठं काय हरवलं ते शोधा. ४५ मिनिटं कशी गेली कळलं नाही. एआयनं एक गोष्ट चांगलीही केली होती बरं का, त्या पोराची वाक्यं आणि-आणि करत पाऊण पान जायची ती तोडली होती. त्यानं तेवढं घेतलं, गाडी परत आणली, भांडण परत आणलं. हा वापर मला चालतो, चालतो काय, आवडतो.

बंदी मी घातली नाही. शेवटी एक मदत-टीप मागते, चार पाच ओळींची. एआय वापरलं का, कुठल्या टप्प्याला, काय विचारलं, त्यातलं काय ठेवलं आणि काय टाकलं. वापरलं म्हणून मार्क कापत नाही, लपवलं तर कापते. पहिल्या वर्षी सगळ्यांनी लिहिलं "वापरले नाही". दुसऱ्या वर्षी मी स्वतःची टीप आधी वाचून दाखवली, की बाबांनो स्नेहसंमेलनाचं निमंत्रण मी एआयकडून लिहून घेतलं आणि त्यातलं "उत्साहपूर्ण वातावरणात" तीनदा आलेलं मी काढलं. मग पोरं खरं लिहायला लागली.

---

बेदाणा_तासगाव:

१२० पोरांची तोंडी घ्यायला मॅडम काय निवृत्त झाल्यात का? पगार तेवढाच, काम तिप्पट. बोलायला सोपं असतंय.

---

आलं_लसूण_सातारा:

भाऊ मुद्दा खराय, टाळत नाही. हिशोब असा, एकाला ३ मिनिटं धरली तर १२० जणांना ६ तास, म्हणजे ४८ मिनिटांचे आठेक पीरियड. एवढा वेळ मी आधी बाडं वाचण्यात घालवायचेच, तेही असली की ज्यांचा मूळ लेखक मशीन. आता पक्का लेख मी भरभर वाचते कारण टाचण आणि खर्डा माझ्या डोळ्यांसमोर झालेला असतो. पण खर्ड्यांवर प्रश्न लिहायला वेळ जातो, दोन शनिवार गेले, नवऱ्यानं भांडी घासली. तासिका तत्त्वावरच्या पोरींना मी हे कर म्हणून सांगणार नाही, त्यांना तर तपासणीचे पैसेही मिळत नाहीत. त्यांनी निदान तोंडी तरी घ्यावी, तीही निम्म्याच पोरांची चिठ्ठी काढून. कुणाचं नाव निघेल माहीत नसलं की सगळेच वाचून येतात.

---

बीए_दुसरं_वर्ष:

मॅडम मी विद्यार्थी आहे, एक आमची पण बाजू ऐका, शिव्या घालू नका. आम्ही सगळे काय चोर नाय. मला लिहायला बसलं की पहिली ओळच सुचत नाय, तास तास जातो, आणि शाळेत कधी कुणी आम्हाला स्वतःचं लिहायला लावलंच नव्हतं, दहावीपर्यंत निबंध पाठ केला, पाऊस पडला नसता तर, मी पंतप्रधान झालो तर, तोच छापला, मार्क मिळाले. मग कॉलेजात येऊन एकदम म्हणायचं स्वतःच्या शब्दांत लिहा. कुठले स्वतःचे शब्द, ते कधी वापरलेच नाहीत. एआय निदान सुरुवात करून देतं आणि हसत नाय.

दुसरं, आमच्या एका सरांनी यंदा सांगितलं की गूगल डॉक्समध्येच लिहा, त्यात आधीची सगळी आवृत्ती दिसते, कोण कधी काय टाइप केलं ते. ऐकायला भारी. पण माझ्याकडं लॅपटॉप नाय, मोबाईल भावाचा आणि माझा एकच, मी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवून लिहितो, अर्धं तर बोलून टाइप करतो एसटीत बसून, मग शेवटी सगळं उचलून डॉक्समध्ये चिकटवतो. सर म्हणाले तुझं एका मिनिटात ९०० शब्द आले, म्हणजे कॉपी. आता काय सांगू. मी स्क्रीनशॉट दाखवले तेव्हा कुठं सुटलो.

मला सगळ्यात उपयोग कशाचा झाला तर एका मित्रानं सांगितलं की एआयला लिहून दे म्हणू नको, मला प्रश्न विचार म्हण, एका वेळी एकच, आणि उत्तर तू देऊ नको म्हण. मी आमच्या गावच्या बैलपोळ्यावर लिहीत होतो तर त्यानं विचारलं, बैल नसलेली घरं पोळ्याला काय करतात? आमच्याच घरात बैल नाय आता, ट्रॅक्टर आहे, आणि आई ट्रॅक्टरलाच हळदीकुंकू लावते. हे मला लिहायचं सुचलंच नव्हतं.

---

वाईचा_आयटीवाला:

दादा एक नंबर. ट्रॅक्टरचं ठेव लेखात.

डॉक्सच्या आवृत्त्यांबद्दल तू म्हणतोस ते एकदम बरोबर, ते पोराला स्वतःच्या बाजूनं दाखवायला कामाचं आहे, त्याच्या विरुद्ध वापरायला नाही.

---

नववीचे_सर:

मी शाळेत आहे, कराड साइडला. आमच्याकडं प्रश्न वेगळा, पोरं लहान. युनेस्कोनं २०२३ च्या मार्गदर्शनात वर्गात वापरायला किमान वय १३ सुचवलंय आणि चॅटजीपीटीच्या अटीत १३ च्या खाली नाही आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते. पालकांना हे कुणाला माहीतच नसतं. मी पोरांच्या हातात देत नाही, मीच प्रोजेक्टरवर उघडतो आणि त्याची उत्तरं पोरांना तपासायला लावतो. परवा त्याला आमच्या गावाबद्दल विचारलं तर नसलेलं देऊळ बांधून दिलं. पोरांनी काय दंगा केला, म्हणाली सर बोलवा त्याला गावात, दाखवू दे कुठंय देऊळ.

नसलेल्या गोष्टी ठोकून सांगतो हे मोठ्यांनापण कळलं पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये २०२३ ला दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले खोटे खटले कोर्टात दाखले म्हणून दिले, ५००० डॉलर दंड बसला. वकील फसतात तिथं एफवायची पोरं काय.

---

कृष्णाकाठची_मास्तरीण:

दहा दिवसांनी येतेय, मध्ये परीक्षेची कामं होती. सगळ्यांचे आभार, सातारच्या ताई तुमचे जास्त.

जतच्या मुलीला पहिल्यांदा बोलावून माफी मागितली. मग तोंडी म्हणून नाही, सहज गप्पा म्हणून छावणीबद्दल विचारलं. तिची आज्जी जनावरांबरोबर छावणीतच राहायला होती, ही सुट्टीत डबा घेऊन जायची. आज्जी चाऱ्याला मेवु म्हणते, कन्नड शब्द. छावणीत वाटप करणारा माणूस मराठी, त्याला आज्जीचं कळायचं नाही, मग ही मध्ये उभी राहून सांगायची. सात आठ वर्षांची पोरगी दुभाषी! मी म्हटलं अगं हे लेखात कुठंय? तर म्हणाली, मॅडम मराठीच्या प्रकल्पात कन्नड शब्द लिहिला तर मार्क कापतील ना. आता बोला. तो आकडा ८४ का आला याचं उत्तर मला तिथं मिळालं, आम्हीच तिला घाबरवून गुळगुळीत केली होती. लेखात मेवु आलाय, आज्जीच्या तोंडी, कुठंही अर्थ न देता, वाक्यावरून कळतोच.

सरबतवाला. त्याला शून्य दिलं नाही. सांगितलं हरिपूरला जा, पेव बघ, काकांना घेऊन जा आणि टाचण आण. तो नाक मुरडत गेला आणि आला तर वहीची चार पानं भरून. वरून तोंड अरुंद, आत रुंद, तोंड बंद केलं की हवा जात नाही म्हणून कीड टिकत नाही. उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, जीव जातो, आधी कंदील सोडून बघायचा, कंदील विझला तर थांबायचं. आणि २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं ते काकांनी सांगितलेलं, त्यानंतर बरीच पेवं पडूनच आहेत. मी म्हटलं काका उतरलेत का कधी? म्हणाला हो, आणि मला आजपर्यंत माहीतच नव्हतं मॅडम. अक्षर भयाण, शुद्धलेखन त्याहून भयाण, पण वाचताना झोप आली नाही. मदत-टीपेत लिहिलंय "आधीचे पेय एआयने दिले होते ते टाकले".

बाकी सगळं गोड नाही. ३० एक पोरांनी तोंडीला मान खाली घातली, स्वतःच्याच प्रकल्पातला शब्द विचारला तर सांगता येईना, त्यांना परत टाचणापासून बसवलंय आणि ते माझ्यावर खार खाऊन आहेत. विभागप्रमुखांना वाईच्या दादांनी लिहिलेलं ते जुळणीचं आणि अंदाजाचं समजावून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले लेखी द्या. शनिवारी मीटिंग आहे, बघू. मार्कांची ६-४-६-४ अशी फोड तिथं ठेवणार आहे, पास होईलच असं नाही.

---

बेदाणा_तासगाव:

शनिवारचं काय झालं ते कळवा. आणि पहिल्या पोस्टबद्दल राग मानू नका, मी पण हळदीतलाच, पेयाचं वाचून बायकोला हाक मारून दाखवलं.

---

बीए_दुसरं_वर्ष:

मॅडम एक शंका. मदत-टीपेत फक्त एआयचंच लिहायचं का? माझं शुद्धलेखन ताई तपासते, बारावीपासून. ते पण लिहायचं?

---

कृष्णाकाठची_मास्तरीण:

हो, ताईचं पण लिही. आणि तिनं काय बदललं ते पण.

---

बीए_दुसरं_वर्ष:

ती म्हणते नाव टाक माझं, पहिल्यांदा कुठंतरी छापून येईल.